बिनठिपक्यांचा पिंगळा

अमरावतीच्या वामनगुरुजी पाठकांना मुंबईच्या एका पक्षीतज्ज्ञ साहेबाने फसवलं. महिन्याभरात परत करतो म्हणून त्यांची काचेची निगेटिव्ह नेली आणि परत केली नाही. खून नाही, दरोडा नाही. ज्यांना ज्यांना हे सांगितलं ते म्हणाले, "अहो, एका घुबडाचा तर फोटो!" पूर्वी मी अशा लोकांच्या अंगावर जात असे. आता जात नाही. ऐकून घेतो आणि गिऱ्हाईक असेल तर माल बांधून देतो.

अकोल्यात माझं कॅमेऱ्यांचं आणि फोटोच्या सामानाचं दुकान आहे. फुटपाथवर बसून देवाच्या तसबिरींना काचा बसवत मी या धंद्यात आलो. कोणी हात धरून आणलं नाही. त्यामुळे माणूस दारात आला की तो काय घेणार, किती ताणणार आणि कुठे नमणार हे मला तो चप्पल काढतो तेवढ्यात कळतं. वामनगुरुजींच्या बाबतीत मात्र काहीच कळलं नाही.

ते पहिल्यांदा आले ती सकाळची वेळ होती आणि बोहनी व्हायची होती. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, हातात छत्री. मला वाटलं भटजी आहेत, देवाची तसबीर मागतील. ते म्हणाले, "आवाज न करणारा कॅमेरा आहे का?"

"कायचे फोटो काढाचे हायेत?"

"घुबडाचे."

मी ताडकन उठलो. "गुरुजी, बोहनीच्या टायमाले कायचं नाव घेऊन राहिले तुमी? जा, दुपारून या!"

ते हलले नाहीत. गल्ल्यावर लक्ष्मीची तसबीर होती, तिच्याकडे छत्रीचं टोक करून म्हणाले, "हिला आत बसवता आणि हिचं वाहन आलं की दार लावता? मग ही तरी किती दिवस बसेल?"

मी बाजूला होऊन त्यांना आत घेतलं. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

एका मिशनच्या लिलावात घेतलेला लाकडी, भात्याचा कॅमेरा माझ्याकडे पडून होता. त्यात फिल्मऐवजी काचेच्या प्लेटा घालाव्या लागत. तेव्हाच तो जुना झाला होता, कोणी विचारत नव्हतं. गुरुजींनी काळ्या कापडात डोकं घातलं आणि इतका वेळ आत राहिले की मी दोन गिऱ्हाइकं करून मोकळा झालो. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "भात्याला एका कोपऱ्यात बारीक भोक आहे. पण बुजवता येईल. किंमत सांगा."

"तुमीच सांगा."

"मी भाव करत नाही. तुम्ही एकदा सांगायचं. पटलं तर घेईन, नाही तर जाईन."

असं सगळेच म्हणतात. मी नेहमीप्रमाणे खाली यायला जागा ठेवून किंमत सांगितली. त्यांनी नमस्कार केला, छत्री उचलली आणि निघाले. मला वाटलं कोपऱ्यावरून वळतील. वळले नाहीत. शेवटी मी एस.टी. स्टँडवर जाऊन, अमरावतीच्या गाडीत चढून, त्यांच्या शेजारच्या बाईला सरकवून खरी किंमत सांगितली. "हे दुकानातच सांगायचं ना," ते म्हणाले. "उगीच पळलात." गिऱ्हाइकामागे धावण्याची माझी ती एकच वेळ.

गुरुजी अमरावतीच्या एका शाळेत संस्कृत शिकवत. घरची पिढीजात भिक्षुकीही चालू होती. हिवरखेडकडे त्यांच्या वडिलांपासूनचे यजमान होते, मोठी शेतीवाडी असलेले. त्यांच्याकडे पूजा सांगायला लहानपणापासून जात. तिथून सातपुड्याचं जंगल जवळ. पूजा आटोपली की दक्षिणेचा नारळ पिशवीत टाकून हे डोंगराच्या दिशेने चालू लागत. घुबडांचं वेड तिथे लागलं.

त्यांची एकेक तऱ्हा होती. कॅमेऱ्याला ते 'यंत्र' म्हणत. फोकस करताना डोक्यावर घ्यायचं काळं कापड म्हणजे त्यांचाच जुना सोवळ्याचा रेशमी कद होता, काळ्या रंगात बुडवलेला. त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, ते दिसलं की त्या तोंड फिरवत. जंगलातून आले की काकू त्यांना मागच्या दारी अंघोळ घालूनच घरात घेत, स्मशानातून आलेल्या माणसाला घेतात तसं. गुरुजी निमूट पाणी ओतून घेत. "तिचं बरोबर आहे," म्हणत. "तिला भीती वाटते ती खरी आहे. घुबड अशुभ आहे हे खोटं आहे. दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

फोटो न मिळता परत आले तरी चेहरा पडलेला नसे. "दर्शन झालं," एवढंच सांगत. आणि फोटो मिळाला तरी तो आधी स्वतः पाहत नसत. घरच्या घरी प्लेट धुतली, छापली की कागद उलटा ठेवून वाळवायचा, तो देवापुढे न्यायचा, मग सुलटा करायचा. मी एकदा हसलो तर म्हणाले, "नैवेद्य आधी चाखून बघता का तुम्ही?"

ही एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढे हीच त्यांना नडली.

एकदा त्यांचं कार्ड आलं की लेन्स धूसर आहे, फोटो विरघळल्यासारखे येतात. माझ्या मालाला नाव ठेवलेलं मी सहन करत नाही. दुकान भावाच्या स्वाधीन केलं आणि हिवरखेडला जाऊन थडकलो. म्हटलं, दाखवा कुठे धूसर आहे ते.

एप्रिल-मे असावा. सागाची पानं गळून खाली पडलेली, पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज. गुरुजींनी एका नाल्याच्या काठी वाळक्या फांद्यांची खोप केली होती. आत दोघं मांडीला मांडी लावून बसलो. सकाळची वेळ. मी विचारलं, "घुबड आता कुठून दिसन? दिवसा?"

"हे दिवसा हिंडतं. म्हणून तर मी येतो."

थोड्या वेळाने ते आलं. मुठीपेक्षा थोडं मोठं, गोल डोक्याचं, समोरच्या निष्पर्ण सागावर. आपल्याकडे गावात चिंचेवर, विहिरीच्या कठड्यावर दिसतो त्या पिंगळ्यासारखंच मला वाटलं. ते शेपटी डावीकडे-उजवीकडे झटकत होतं आणि भर उन्हात हाका मारत होतं.

"पिंगळाच हाय हा," मी म्हणालो.

"डोकं बघा."

"काय बघू?"

"गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर साबुदाणा सांडलेला असतो. पांढरे ठिपके. याचं डोकं कोरं आहे. आणि छातीवरचे पट्टे बघा, किती जाड. हा वेगळा आहे, नारायणराव. पुस्तकात याचं वर्णन आहे, पण या डोंगरात हा नाही असं म्हणतात."

मी नीट बघायला पुढे झुकलो, खोपीची फांदी मोडली आणि पिंगळा उडाला. गुरुजी रागावले नाहीत. "तुम्ही बसलात की झाडालासुद्धा बसवत नाही," एवढंच म्हणाले.

लेन्सला काही झालं नव्हतं. दहा वाजले की दगडांतून उन्हाची झळ उठे आणि तिच्यातून सगळं पाण्यात बुडाल्यासारखं हले. मी ते दाखवून दिलं. त्यांनी मान्य केलं, माझी माफी मागितली आणि त्यानंतर उजाडताच प्लेट लावायला लागले. लेन्सचं झाकण किती वेळ उघडं ठेवायचं हे ते मनातल्या मनात मात्रेवर मोजत. डोळ्याची पापणी लवते ती एक मात्रा, शास्त्रातच तसं आहे म्हणायचे. मी घड्याळ देऊ केलं होतं. नको म्हणाले, टिकटिक ऐकू जाते.

त्या पिंगळ्याचा एक स्वच्छ फोटो काढायचा आणि जाणत्या माणसाकडून 'होय, हा इथे आहे' असं वदवून घ्यायचं, एवढंच त्यांना हवं होतं. दुसरं काही मागितल्याचं मी ऐकलं नाही.

त्याची किंमत ते देत होतेच. हिवरखेडच्या ज्या पाटलांकडे ते उतरत त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मी त्या वेळी कॅमेऱ्याची एक पट्टी द्यायला तिथे गेलो होतो. ओसरीत गुरुजी पंचांग उघडून बसले होते. पाटील बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, राग नका मानू. लग्न लावाले आमी आकोटचे महाराज सांगतले."

"बरं."

"आता तुमाले खरं सांगतो. घरातल्या बाया भेतात. म्हनतात, घुबडाच्या मांगं फिरनारा मानूस अक्षता टाकन, तं पोरीचं कसं होईन. मी मानत नाई. पर घर हाय, सगळ्याइचं आयकावं लागते."

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं. गुरुजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पंचांग मिटून म्हणाले, "मुहूर्त मात्र सकाळचा धरा. दुपारचा चांगला नाही." मग पाणी मागितलं आणि लेन्स पुसत बसले. त्या वर्षात हिवरखेडची बाकी घरंही एकेक करत सुटली. त्यांनी मला ते सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं.

आणि मग तो फोटो मिळाला. उन्हाळ्याचेच दिवस. आमच्याकडच्या उन्हाळ्यात माठातलंसुद्धा पाणी कोमट असतं. प्लेट धुताना काचेवरचा थर सायीसारखा सुटतो आणि चित्र पाण्यात वाहून जातं. गुरुजींच्या त्या उन्हाळ्यातल्या आधीच्या सगळ्या प्लेटा घरच्या मोरीत अशाच गेल्या होत्या. ही एक उरली होती. तेव्हा ती त्यांनी अमरावतीतल्या एका स्टुडिओत दिली. तिथे बर्फाचं पाणी असायचं. शिवाय मुंबईचे ते साहेब त्याच आठवड्यात सर्किट हाउसला उतरणार होते. आपल्याकडच्या पक्ष्यांची सूची त्यांनीच छापली होती. ती लोक प्रमाण मानत. त्यांनी भेटीला वेळ दिला होता.

त्या स्टुडिओत यादवराव नावाचा रिटचर होता. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने जिथे काळं कराल तिथे कागदावर पांढरं उमटतं. यादवराव त्यात पटाईत. देवीचे वण तो बुजवायचा, डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढायचा, सावळ्या मुलीला उजळ करायचा. अमरावतीत स्थळ पाहायला पाठवलेला असा फोटो विरळा, की ज्यावर यादवरावची पेन्सिल फिरली नाही.

मी कागदाचा माल पोचवायला अमरावतीला होतो म्हणून गुरुजींबरोबर गेलो. स्टुडिओतून बंद पाकीट घेतलं. मी म्हणालो, "फोडा, पाहू तं द्या." त्यांनी पाकीट कोटाच्या आत घातलं. "तिथे," म्हणाले. चेहऱ्यावर कार्य असलेल्या घराची कळा होती.

साहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. नीट बोलले, चहा सांगितला. गुरुजींनी आधी तोंडी सगळं वर्णन केलं. कोरं डोकं, जाड पट्टे, शेपटीचे झटके, दिवसाची हाक. साहेब पुढे सरकून ऐकत होते. मग गुरुजींनी पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं. साहेबांनी फोटो काढला, भिंग लावलं आणि बराच वेळ पाहिलं. मग हसले.

"पंडितजी, याच्या डोक्यावर तर ठिपके आहेत."

फोटो गुरुजींच्या हातात आला. सगळं होतं. सागाची फांदी, जाड पट्टे, डोळे. आणि डोक्यावर साबुदाणा सांडलेला. ओळीने, सारख्या अंतरावर, अगदी सुबक.

मला एका नजरेत कळलं. मी निगेटिव्ह काढून उन्हात तिरपी धरली. पेन्सिलीची चकाकी दिसत होती. "साहेब, हे रिटचिंग हाय! वरच्या वर हाय. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला का सारं निंगून जाते. खालचं चित्र जसंच्या तसं राहते. मी आत्ता आनतो, पाच मिनिटं बसा!"

"म्हणजे फोटोवर हात फिरवलेला आहे?" साहेब म्हणाले.

"डोक्यावर. फक्त डोक्यावर."

"ते तुम्ही म्हणता. डोक्यावर फिरवला तर पट्ट्यांवर नसेल कशावरून?"

"पुसून पाहा ना मंग! माह्या हातानं नाई, तुमच्या हातानं पुसा!" माझा आवाज चढला. शिपाई दारात येऊन उभा राहिला. गुरुजी म्हणाले, "नारायणराव, बसा." मी बसलो. त्याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

साहेबांनी निगेटिव्ह माझ्या हातून घेतली, पाकिटात घातली. "असं दुकानी पद्धतीने नको. मी मुंबईला नेतो, प्रयोगशाळेत साफ करवून पाहतो. महिन्याभरात परत मिळेल."

गुरुजी म्हणाले, "जपून न्या. एकच आहे."

"तुमची वस्तू आहे, पंडितजी. काळजी करू नका."

तिथून मी तडक स्टुडिओत गेलो आणि यादवरावची गचांडी धरली. तो घाबरला नाही, त्याला काही समजलंच नाही. "ठिपके उमटले नोते, भाऊ. उन्हानं उडाले असतीन म्हनून म्या घातले. पिंगळ्याले ठिपके नसतात का? लहानपनापासून पाहून राहिलो मी. भटजीचं काम होतं, म्हनून एकेक ठिपका फुरसतीनं देला. येचे पैसे बी नाई लावले." गुरुजी मागून आले होते. त्यांनी माझा हात सोडवला. यादवरावला म्हणाले, "ठिपके छान काढलेत." ते टोमणा मारत नव्हते. त्यांना टोमणा मारता येत नसे.

महिना गेला. गुरुजींनी पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. मीही लिहिलं, माझ्या पद्धतीने. त्याचंही नाही. पावसाळा उलटल्यावर गुरुजींना चार ओळी आल्या: छायाचित्र साध्या पिंगळ्याचं आहे, त्यात फेरफार केलेला आढळतो, सबब दखल घेता येत नाही. काच पुसून पाहिली की नाही, याबद्दल अक्षर नाही. काच कुठे आहे, याबद्दलही नाही. पुढे साहेबांच्या सूचीची नवी आवृत्ती निघाली. तो पिंगळा या डोंगरांत नाही, हे वाक्य तिच्यात होतं तसंच होतं.

मी स्वतः मुंबईला गेलो. दारावरच्या माणसाने साहेब दौऱ्यावर आहेत असं सांगितलं. दुसऱ्या खेपेलाही तेच. धंद्यात मी हा प्रकार ओळखतो. माल खोटा असला तर माणूस तो तोंडावर फेकून परत करतो. दडवून ठेवतो तो खरा निघालेला माल.

गुरुजी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गेले. जंगल खात्याने त्या वर्षी तिथली तोड काढली होती. नाल्याकाठचे साग पाडून, लाकडावर नंबर घालून रचून ठेवले होते. ते त्या ओंडक्यांवर बसले, दशमी खाल्ली आणि परत आले. आणखी दोन-तीन उन्हाळे दुसऱ्या नाल्यांतून फिरले. पिंगळा दिसला नाही. यजमान परत आले नाहीत. शाळेतली मुलं त्यांना काय म्हणत हे मी लिहीत नाही, कोणीही ओळखेल.

त्यांना शेवटचं पाहिलं ते अकोल्याच्या स्टँडवर. साठ-बासष्टीचे असतील, पण वाकले होते. कॅमेरा बरोबर नव्हता. मी चहा आणवला, त्यांनी बशीत ओतून सावकाश घेतला. साहेबाचा विषय मीच काढला. म्हटलं, "कोर्टात जाऊ, खर्च माह्या." ते म्हणाले, "मी त्याला डोळ्यांनी पाहिलं आहे, नारायणराव. तुम्हीही पाहिलं आहे."

"मी नीट नाई पाह्यलं. फांदी मोडली."

"हो, खरंच," ते म्हणाले.

तेवढ्यात स्टँडच्या कडुनिंबावर एक पिंगळा येऊन बसला. कावळे त्याच्यावर ओरडू लागले. कंडक्टरने घंटी दिली होती, लोक चढत होते. गुरुजींनी पिशवी खाली ठेवली, कोटाच्या खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि वर पाहिलं. मागचा माणूस "सरका ना, बुढेबाबा" म्हणाला. ते पाहतच होते. मग चष्मा काढून घडी करून ठेवला. "आहेत ठिपके," मला म्हणाले आणि गाडीत चढले.

त्या थंडीत ते गेले. मी दहाव्याला गेलो. रडू आलं नाही, राग आला नाही. कावळा पिंडाला शिवेना. तेव्हा लोक आपापसांत पुटपुटू लागले की यांचं काहीतरी राहून गेलं आहे. कोणी मुलांचं नाव घेतलं, कोणी घराचं. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. काय राहून गेलं होतं ते तिथे फक्त मला माहीत होतं आणि ते माझ्या हातात नव्हतं.

काकूंनी कॅमेरा मला परत दिला, त्या काळ्या कदासकट. दुकानात ठेवला आहे. विकत नाही. लोक भाव विचारतात, मी सांगत नाही.

साहेब अजून हयात आहेत, मानमरातबात आहेत. यादवरावला मी सोडून दिलं. त्याने चांगलं करायला जाऊन वाईट केलं, आणि विचारलं तेव्हा तोंडावर सांगितलं. साहेबांना मी हेच विचारतो, लोकांसमोर विचारतो. तुम्ही ती काच पुसलीत का? पुसली असेल तर खाली काय निघालं ते सांगा. पुसली नसेल तर काच इकडे पाठवा. टर्पेंटाइनची बाटली माझ्या गल्ल्याशेजारी आहे. ती काच कुठे आहे, साहेब?